‘एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाका’ या मताचा हिशेब

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सासरे सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. टीव्हीवर सीमेवरच्या बातम्या लागल्या आणि घरातलं कुणी "एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाका" म्हणालं, की ते काही न बोलता उठून जातात. जावयाला दोन शंका आहेत. माजी सैनिकांना युद्ध नकोच असतं का? आणि ज्याने कधी वर्दी घातली नाही त्याने युद्धावर मत द्यायचंच नाही का?

दुसरी शंका आधी घेतो, ती सोपी आहे. मत जरूर द्यायचं. लढायचं की नाही हे आपल्याकडे लष्कर ठरवत नाही, निवडून आलेलं सरकार ठरवतं, आणि सरकार तुमच्या तोंडाकडे बघून ठरवतं. नोकरीत असलेल्या जवानाला तर राजकीय मत जाहीरपणे मांडायची आर्मी ॲक्ट आणि त्याखालच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे या विषयावर मोकळं बोलू शकणारे तुम्हीच. "तू कधी बॉर्डर पाहिलीस का?" असं विचारून समोरच्याला गप्प करणारे माजी सैनिक मला पटत नाहीत.

आता सासरे का उठतात. फौजेत दहा जणांचं सेक्शन रात्रीच्या गस्तीवर पाठवायचं असलं तरी हुकुमाचा साचा ठरलेला असतो. शत्रू कुठे आणि आपले कुठे. काम नेमकं काय. ते कसं करायचं. दारूगोळा, पाणी, राशन, जखमींची सोय काय. शेवटी कमान, म्हणजे नेतृत्व, कुणाकडे आणि वायरलेसवर कुणाशी बोलायचं. हे झालं की घड्याळं जुळवायची आणि "कोई शक?" विचारायचं. सुभेदारापर्यंत पोहोचलेल्या माणसाने हे हजारदा ऐकलेलं आणि ऐकवलेलं असतं. त्याला ‘सोक्षमोक्ष लावा’ हा अर्धवट हुकूम वाटतो. काम सांगितलेलं नाही, कुठे थांबायचं ते नाही, आणि दारूगोळा, राशन, जखमी यांच्या बंदोबस्ताचा परिच्छेद तर पूर्ण कोरा. मी पायदळातला, त्यामुळे माझी नजर आधी त्या कोऱ्या परिच्छेदावर जाते.

पण सगळे माजी सैनिक एकसारखा विचार करतात असं समजू नका. बरंच काही माणूस कुठल्या शाखेत होता, कुठल्या वर्षांत होता, यावर ठरतं. पायदळातला, तोफखान्यातला, सप्लायचा, सिग्नलचा, वर्कशॉपमधला, प्रत्येकाने वेगळी फौज पाहिलेली असते. कुणाची सगळी नोकरी फील्डमध्ये गेली, कुणाची निम्मी पीस स्टेशनवर, म्हणजे शांत भागातल्या छावणीत. निवृत्त अधिकारी चॅनेलवर बसून तावातावाने ‘घुसा’ म्हणतात, आणि त्यांच्याच पलटणीतला एखादा हवालदार गावात नेमकं उलट बोलत असतो. शिवाय सैनिकाची नजर लांबची नसते. सेक्शन कमांडरला पुढचे दोनशे मीटर दिसतात, त्यापलीकडचं त्यालाही तुमच्यासारखंच रेडिओवरून कळतं. म्हणून युद्ध कसं होतं, काय लागतं, काय बिघडतं हे आम्हाला विचारा. करावं की नाही यात माझ्या मताला तुमच्यापेक्षा जास्त वजन देऊ नका.

घरोघरी ऐकू येणारी मतं आता एकेक करून घेतो. पहिलं आणि सगळ्यात लाडकं म्हणजे ‘उद्याच घुसा’.

संसदेवर हल्ला झाला १३ डिसेंबर २००१ ला. त्यानंतर ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. आपल्या हल्ला करणाऱ्या तीन कोअर, म्हणजे लष्कराच्या अतिमोठ्या तुकड्या, मथुरा, अंबाला आणि भोपाळला. तिथून राजस्थान-पंजाबच्या सीमेवर जागेवर पोहोचायला त्यांना साधारण तीन आठवडे लागले. लोकांना हा आळस वाटतो. जरा मोजून बघा. एका रणगाडा रेजिमेंटमध्ये ४५ रणगाडे असतात. टी-९० धरला तर एकेकाचं वजन ४६ टनांच्या आसपास. ते स्वतःच्या पट्ट्यांवर भोपाळहून बाडमेरला जात नाहीत, कारण गेलेच तर पोहोचेपर्यंत पट्टे आणि इंजिनाचे तास संपलेले असतील. त्यांना रेल्वेच्या सपाट वॅगन लागतात, चढवायला रॅम्प लागतो, साखळ्या आणि पाचरी लागतात, आणि त्या मार्गावरच्या प्रवासी गाड्या बाजूला काढाव्या लागतात. मागोमाग तेल, सुटे भाग, बिघडलेले रणगाडे ओढणाऱ्या रिकव्हरीच्या गाड्या, लंगर म्हणजे स्वयंपाकघर. पलटणीतले कितीतरी जण त्या वेळी रजेवर असतात. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा असते, आणि कमान अधिकारी ती वर्षभर वाटून देतो. फोन जातो आणि माणूस शिरोळहून किंवा बुलढाण्याहून मिळेल त्या गाडीने निघतो. या तीन आठवड्यांत जगभरातून दबाव आला, १२ जानेवारीला पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांचं दहशतवादाविरोधातलं भाषण झालं, आणि हल्ल्याची वेळ निघून गेली. सैन्य मात्र ऑक्टोबर २००२ पर्यंत तिथेच उभं होतं.

एकही लढाई न होता त्या दहा महिन्यांत शेकडो जवान गेले. अपघातांत गेले आणि सुरुंगांमुळे गेले. या सुरुंगांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ‘नुसतं सैन्य उभं केलं तर काय बिघडतं’ या मताचं उत्तर त्यात आहे. सुरुंग पेरताना ओळी आखायच्या, प्रत्येक सुरुंगाचं अंतर आणि दिशा कागदावर नोंदवायची, भोवती तार आणि त्रिकोणी खुणा लावायच्या, आणि सगळ्यात शेवटी फ्यूज बसवून पिन काढायची. हे काम रात्री, थंडीत, बोटं बधिर झालेली असताना, घाईने होतं. थकलेल्या माणसाकडून नेमकी शेवटच्या पायरीवर चूक होते. काढणं पेरण्यापेक्षा अवघड. राजस्थानात वाळू सरकते, पंजाबात पावसाने माती वाहते, उंदीर-घुशी पोखरतात, आणि नोंदवहीत जिथे सुरुंग आहे तिथे तो नसतो. मग काठीने तिरकं टोचत, वितावितावर शोधावं लागतं. नोंदीत शंभर असतील आणि हाती अठ्ठ्याण्णव लागले, तर उरलेल्या दोनांसाठी अख्खं शेत पुन्हा तपासायचं. तोवर शेतकऱ्याचे हंगाम बुडतात. सीमेवरच्या गावांत युद्धाबद्दलचं मत पुण्या-मुंबईपेक्षा वेगळं असतं, त्याचं एक कारण हे आहे.

याच्या उलट १९७१. मार्चअखेरीस ढाक्यात कत्तल सुरू झाली, निर्वासितांचे लोंढे यायला लागले, आणि एप्रिलपासूनच ‘सैन्य घुसवा’ ही मागणी जोरात होती. युद्ध झालं ते डिसेंबरात. मधल्या आठ महिन्यांत पावसाळा गेला. बंगालच्या नद्या पावसात समुद्रासारख्या पसरतात, रणगाडे रस्त्यावरून उतरले की रुततात. हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद झाल्या, म्हणजे चीनकडून येण्याची शक्यता कमी झाली आणि तिथले सैनिक मोकळे करता आले. त्रिपुरापर्यंत जाणारा रस्ता आणि रेल्वे दोन्ही तुटपुंजे, त्यामुळे तिथे साठा करायला महिने लागले. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, ९३,००० युद्धकैदी हाती आले. लोकांच्या लक्षात तेरा दिवस राहतात. त्या तेरा दिवसांत पूर्व आणि पश्चिम आघाडीवर मिळून आपले ३,८०० च्या वर गेले, आणि ही आपली सगळ्यात चांगली आखलेली लढाई होती.

दुसरं मत: ‘आपल्याकडे एवढं सैन्य आहे, चढवा की वर.’ पहाड हा मैदानातला हिशेब मोडून टाकतो. सपाटीवर हल्ला करणाऱ्याला बचाव करणाऱ्याच्या तिप्पट माणसं लागतात असा ढोबळ नियम आहे. डोंगरात सहापट, कधी नऊपट. कारण वरचा माणूस दगडामागे बसून खाली बघतो, आणि खालचा पाठीवर वीस-पंचवीस किलो घेऊन, एका हाताने खडक धरून चढत असतो. ऑटोमॅटिकवर टाकलेली रायफल ३० गोळ्यांचं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं करते. म्हणून चढणारा जवान जास्तीची मॅगझिनं घेण्यासाठी पाणी आणि राशन कमी करतो. हा निर्णय त्याला पायथ्याशी घ्यावा लागतो, आणि चुकला तर वर दुकान नसतं.

त्यातही सपाटीवरून आणलेला माणूस थेट वर पाठवता येत नाही. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस: पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, पुढचे दोन सपाट रस्त्यावर दीड ते तीन किलोमीटर सावकाश चालणं, मग पाच किलोमीटरपर्यंत आणि थोडी चढण. १२,००० ते १५,००० फुटांवर आणखी चार दिवस. त्याच्या वर आणखी चार. एकूण चौदा. हे टाळलं की फुप्फुसांत पाणी भरतं. आधी कोरडा खोकला, मग फेसाळ गुलाबी थुंकी, ओठ निळे. त्यावर खरा उपाय एकच, माणसाला तातडीने खाली आणणं. धडधाकट, पैलवानी शरीराच्या जवानालाही हे होतं. उलट तोच जोशात पहिल्या दिवशी पळायला जातो आणि आडवा होतो. सियाचीनवर आपण १३ एप्रिल १९८४ ला चढलो. तिथे गोळीपेक्षा हवामानाने जास्त माणसं नेली आहेत. लडाखमध्ये हिवाळ्याचं राशन, रॉकेल, बर्फाचे कपडे उन्हाळ्यातच भरून ठेवावे लागतात, कारण ११,५०० फुटांवरचा झोजिला घाट बर्फात जातो. नोव्हेंबरात कुणी ‘लगेच आणखी एक डिव्हिजन (हजारो जवानांची तुकडी) पाठवा’ म्हणालं, तर त्या डिव्हिजनचं जेवण कुणी मे महिन्यात साठवलेलं नसतं.

दारूगोळ्याचंही तसंच. कारगिलमध्ये अडीच लाखांच्या वर तोफगोळे, उखळी बॉम्ब आणि रॉकेटं उडाली. बोफोर्सचा १५५ मिलिमीटरचा एक गोळा साधारण ४३ किलोचा. शंभर गोळे म्हणजे नुसते गोळेच ४.३ टन, त्यावर चार्ज (गोळा ढकलणारी दारू) आणि फ्यूज वेगळे. पाच टनी ट्रक यातच भरला. सहा तोफांची एक बॅटरी मिनिटाला दोन अशा संथ गतीने टाकत राहिली, तरी तो ट्रक आठ-नऊ मिनिटांत संपतो. परत जाणारा रिकामा ट्रक आणि वर येणारा भरलेला ट्रक त्याच एका अरुंद रस्त्यावर, आणि तो रस्ता शत्रूच्या नजरेखाली. हे गोळे आकाशातून पडत नाहीत. आपल्याच विदर्भात चांद्याच्या कारखान्यात तोफगोळे भरतात, भंडाऱ्यात त्यांना ढकलणारं प्रॉपेलंट बनतं, पुलगावच्या डेपोत साठा राहतो, आणि रायफलीच्या गोळ्या खानदेशात वरणगावला. पुलगावात मे २०१६ मध्ये आग लागून माणसं गेली. शांततेच्या काळात, सीमेपासून शेकडो किलोमीटर आत.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि घरच्या चर्चेत तो कधीच येत नाही. लोक मेलेले मोजतात, जखमी मोजत नाहीत. कारगिलमध्ये ५२७ गेले आणि १,३६३ जखमी झाले. म्हणजे एकामागे अडीच.

एक जखमी म्हणजे काय ते बघा. मांडीला गोळी लागली आणि मोठी धमनी तुटली, तर माणूस काही मिनिटांत रक्त जाऊन संपतो. शेजारच्या साथीदाराने जखमेच्या वर टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, आवळायचं, रक्त थांबेपर्यंत पिळायचं, आणि किती वाजता आवळलं ते लिहून ठेवायचं. कागद नसेल तर कपाळावर. ही वेळ लिहायची राहिली तर पुढच्या डॉक्टरला पाय वाचवता येईल की नाही हे ठरवता येत नाही. मग स्ट्रेचर. सपाटीवर चार जण पुरतात. डोंगरात सहा ते आठ लागतात, आलटून पालटून. म्हणजे दहा जणांच्या सेक्शनमध्ये एक जखमी झाला आणि त्याला खाली न्यायचं ठरलं, तर ते सेक्शन लढाईतून गेलं. म्हणून हल्ला चालू असताना हल्ला करणारे थांबत नाहीत. जखमी तिथेच राहतो आणि मागून येणारे त्याला उचलतात. बाहेरच्याला हे क्रूर वाटेल, पण थांबलं तर आणखी दहा जण पडतात. खाली पलटणीचा डॉक्टर, तिथून ड्रेसिंग स्टेशन, फील्ड हॉस्पिटल, मग श्रीनगरचं ९२ बेस हॉस्पिटल. उंचीवर विरळ हवेत चीता हेलिकॉप्टर एक, फार तर दोन जखमी उचलतं, आणि तेही हवा साफ असेल तर.

आणि हा माणूस तिशीच्या आतबाहेरचा असतो. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला कमरेखाली लुळे झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. तिथला जवान पुढची चाळीस वर्षं जगणार असतो. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून त्याला दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. पेन्शनच्या कागदात अपंगत्वाची टक्केवारी लागते, आणि ती टक्केवारी कमी-जास्त लागली म्हणून वर्षानुवर्षं खटले चालतात. ‘किती पाडले?’ विचारणाऱ्याला हा आकडा ठाऊकच नसतो.

तिसरं मत रागाचं: ‘आपल्यांनी गोळी का नाही चालवली?’ १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जण गेले, तेव्हा हे घरोघरी विचारलं गेलं. चीनबरोबरच्या १९९६ च्या करारात प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असं कलम आहे. जवानाकडे हत्यार होतं, पण ते कधी वापरायचं याचे नियम वरून येतात आणि जवान ते पाळतो. तो नियम चूक होता असं तुमचं मत असेल तर जरूर मांडा. ते दिल्लीशी भांडण आहे, त्याला पत्ता तिथला लावा. तसंच कारगिलमध्ये नियंत्रण रेषा ओलांडायची नाही हे सरकारने ठरवलं होतं. त्यामुळे हवाई दलाला आणि पायदळाला समोरून, अवघड बाजूने जावं लागलं आणि त्याची किंमत माणसांत मोजली गेली. मात्र त्याच निर्णयामुळे जग आपल्या बाजूने राहिलं आणि लढाई पसरली नाही. मला विचाराल तर तो निर्णय बरोबर होता. पलटणींमधल्या अनेकांना तो तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही.

‘एक दणका द्या, गप्प बसतील’ हेही याच जातीचं. पहिला दणका आपल्या हातात असतो, दुसरा समोरच्याच्या. ७ मे २०२५ च्या पहाटे आपण सीमेपलीकडे नऊ ठिकाणी मारा केला. त्याच दिवशी पूंछवर तोफगोळे पडले आणि घरात बसलेली माणसं मेली. १० मेला गोळीबार थांबला. त्यानंतर इथे बरेच जण ‘का थांबवलं?’ म्हणून चिडले होते. कुठल्या टप्प्यावर थांबायचं हे आधीच ठरवून निघणं यालाच आम्ही योजना म्हणतो.

त्याच काळात एक गोष्ट मात्र सपशेल चुकीची चालली होती. सरकारने २६ एप्रिललाच वाहिन्यांना लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका असं बजावलं होतं. तरीही एका रात्रीत काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं. ते खोटं होतं. मुंबईकरांना तरी हे नव्याने सांगायला नको. २६/११ ला छतावर उतरणारे कमांडो टीव्हीवर दिसत होते आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते बघून आतल्यांना फोनवर सूचना देत होते. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्याबद्दल स्पष्ट शब्दांत सुनावलं. फोनवर काढलेल्या साध्या व्हिडिओतून काय निसटतं? गाडीवरच्या चौकोनी खुणेवरून फॉर्मेशन, म्हणजे कुठली मोठी तुकडी, ओळखता येते, मागच्या डोंगराच्या कडेवरून जागा, सावलीवरून वेळ. गाड्या मोजल्या की पलटणीचा आकार. स्टेशनवर लष्करी गाडी दिसली तर हात हलवा, फोन खिशात ठेवा. हे सैनिकांच्या घरच्यांनाही लागू आहे. ‘ह्यांची आज रात्री मूव्ह आहे, देवा सांभाळ’ असा निरोप नातेवाइकांच्या ग्रुपवर पडतो आणि तिथून कुठे जाईल सांगता येत नाही.

आता दुसऱ्या टोकाचं मत. फौजीला देव करून टाकायचं. ‘तिकडे जवान उभे आहेत, तुम्हाला रांगेत उभं राहायला काय होतं?’ किंवा ‘सैन्याला प्रश्न विचारायचे नाहीत.’ पहिल्या वाक्याने सैनिकाचं काही भलं होत नाही, फक्त रांगेतल्या माणसाचं तोंड बंद होतं. दुसऱ्याने तर नुकसान होतं. २०१७ च्या कॅगच्या अहवालात निघालं की दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा घनघोर युद्धाचे दहा दिवसही पुरणार नाही, आणि लष्कराचा स्वतःचा दंडक चाळीस दिवसांचा होता. हा प्रश्न हिशेबतपासणिसांनी विचारला म्हणून कळला. तो विचारल्याने कुणा जवानाचा अपमान झाला नाही, त्याच्या मॅगझिनमध्ये गोळ्या यायची सोय झाली.

‘पगारासाठीच जातात’ असंही दबक्या आवाजात बोललं जातं. जातातच. साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, बीडच्या माळरानावर पहाटे पळणारी पोरं १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढायला आणि दहा बीम (पुल-अप) मारायला धडपडतात, कारण नोकरी हवी असते. पगार घेतो म्हणून तो कमी देशभक्त होत नाही, डॉक्टर फी घेतो म्हणून रोग्याचा वैरी होत नाही तसंच. आणि नोकरी आहे असं एकदा मानलं की नोकरीच्या अटींवर बोलता येतं. २०२२ पासून भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षं, पहिल्या वर्षी महिना ३०,००० त्यातले २१,००० हातात, उरलेले सेवानिधीत, शेवटी व्याजासकट साधारण ११.७१ लाख. २५ टक्क्यांपर्यंत जवान कायम होतात, उरलेल्यांना पेन्शन नाही. जुन्या पद्धतीत पंधरा वर्षं भरली की जवानाला पेन्शन लागू होते. मृत्यूनंतरचा हिशेबही जाता जाता समजून घ्या. नियमित जवान लढाईत गेला तर पत्नीला शेवटच्या पगाराइतकी उदार कुटुंब पेन्शन. सेवेशी संबंधित अपघातात किंवा आजारात गेला तर ६० टक्के. संबंध नाही असं ठरलं तर साधी, म्हणजे ३० टक्के. बर्फात गाडी दरीत गेली तर ती यातल्या कुठल्या खान्यात पडते यावर एका बाईचं पुढचं आयुष्य ठरतं, आणि ते चौकशी अहवालातल्या एखाद्या ओळीवर अवलंबून असतं. तुमचं मत खासदारापर्यंत पोहोचवायचंच असेल तर हा विषय घ्या.

‘प्रत्येक तरुणाला दोन वर्षं सक्तीने पाठवा’ या मतावर फार वेळ घालवत नाही. देशात दरवर्षी अठरा वर्षांचे होणारे नुसते मुलगे धरले तरी एक कोटीच्या पुढे आहेत. दोन वर्षं ठेवायचे तर एका वेळी दोन कोटींहून जास्त जण वर्दीत. आपली फौज बारा-सव्वाबारा लाखांची. बराकी, बूट, रायफली सोडा, तेवढे शिकवणारे उस्तादच नाहीत. इस्रायलची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास आहे, म्हणून त्यांना जमतं.

साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धाला तिथून ४४५ जण गेले आणि ४६ परत आले नाहीत. गावात तसा दगड आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथून भरती होते. अशा गावांत लोक युद्धाच्या विरोधात आहेत असं नाही. लढायची वेळ आली की ते लढायला निघतात. पण तिथे ‘घुसा’ म्हणणाऱ्याला कोणाचा मुलगा कुठल्या पोस्टवर आहे हे नावानिशी माहीत असतं, त्यामुळे वाक्य तोलून येतं. तुमच्या पहिल्या शंकेला माझं उत्तर यातच आहे.

सासऱ्यांशी बोलायचं असेल तर ‘तुम्ही किती मारले?’ हा प्रश्न कधीही विचारू नका, मुलांनाही विचारू देऊ नका. पोस्टवर पाणी कुठून यायचं, लंगरला काय असायचं, पत्र किती दिवसांनी पोहोचायचं, नवा आलेला पोरगा पहिल्या बर्फात काय चुका करतो, हे विचारा. बहुतेक सुभेदार तासभर बोलतील. बातम्या चालू असताना उठले तर उठू द्या, मागे जाऊन ‘काय झालं?’ करू नका. झोप उडत असेल, दिवाळीच्या फटाक्यांना दचकत असतील, पिणं वाढलं असेल, तर मात्र गप्प बसू नका; ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणी मिळते, कार्ड आणि जुने वैद्यकीय कागद बरोबर न्या.

आणि हातून काहीतरी करायचं असेल तर आधी त्यांचं ‘स्पर्श’ या पेन्शनच्या पोर्टलवरचं खातं बघा. हयातीचा दाखला दरवर्षी भरावा लागतो, राहिला की पेन्शन अडते, आणि अंगठ्याचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्या माणसांची तिथे फार अडचण होते. पत्नीचं नाव आणि जन्मतारीख नोंदीत आणि आधारवर सारखी आहे का तपासा. नंतर बाईमाणसाला त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागतात. पैसे द्यायचे असतील तर ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीला त्याच कार्यालयात द्या आणि पावती घ्या. प्रत्येक तणावाच्या वेळी ‘जवानांसाठी रोज एक रुपया’ म्हणून बँकेच्या खाते क्रमांकासकट फिरणारा निरोप पुढे ढकलू नका.